हवेने भरलेला तांब्या

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी श्रीगोंद्याच्या आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे बोट दाखवतो. आईवडिलांच्याही आधी. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे ठाऊक आहे आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. "आमी जल्माला घातलं, त्यात काय मोठं? ते तर म्हशीबी घालत्यात," असं ते म्हणतात. "मानसात आनलं ते सरांनी."

सरांचं नाव मात्र इथे लिहिता येत नाही. एकदा कॉलेजच्या वार्षिक अंकात मी त्यांच्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या, नाव घालून. तो अंक त्यांनी मला पोस्टाने परत पाठवला. नावावर लाल शाईची काट, आणि समासात शेरा: "नाव वगळल्यास वाक्याच्या अर्थात फरक पडत नाही. अनावश्यक." तेव्हापासून ते माझ्या लिहिण्यात नुसते सर आहेत.

मी कॉलेजात आलो तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वस्तीवरून एसटीने यायचो आणि मधल्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसायचो. पहिल्याच तासाला सर एका हातात पाण्याची बादली आणि दुसऱ्या हातात पितळी तांब्या घेऊन आले. सडपातळ अंगकाठी, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सुई काढलेली एक इंजेक्शनची सिरिंज. तिचं काम नंतर कळलं. खांबाचा आडोसा काही उपयोगी पडला नाही. तांब्या थेट माझ्या नाकासमोर आला.

"काय आहे यात?"

मी वाकून आत पाहिलं. "काही नाही सर. रिकामा आहे."

खिडकीबाहेर उभी असलेली वरच्या वर्गातली पोरं खिदळली. ती खास या क्षणासाठीच जमलेली असत, हे मला पुढल्या वर्षी कळलं, कारण मग मीही तिथे उभा होतो. सरांनी तांब्या पालथा केला आणि सरळ बादलीत दाबला.

"रिकामा असेल तर पाण्याने आत शिरावं. शिरतंय?"

"नाही सर."

त्यांनी तांब्या जरा तिरका केला. बुडबुडे गुडगुडत वर आले आणि मग पाणी आत गेलं. "रिकामं काही नसतं. हा तांब्या काठोकाठ हवेने भरलेला होता. ती निघाली तेव्हा पाण्याला जागा मिळाली. तुला दिसत नाही म्हणून तो रिकामा झाला काय?"

'रिकामा' म्हणणाऱ्याला शिक्षा ठरलेली. तांब्या दुसऱ्या दिवशीपर्यंत जवळ बाळगायचा, आणि जो विचारेल त्याला आत काय आहे ते सांगायचं. संध्याकाळी मी तो हातात धरून एसटीत चढलो. आमच्याकडे माणूस तांब्या घेऊन कुठे निघतो हे सगळ्यांना माहीत असतं. कंडक्टरने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय रं, ह्या टायमाला? आन् एवढ्या लांब?"

"तसं न्हाई. ह्याच्यात हवा हाय."

"व्हय, आधी हवाच असती," मागच्या सीटवरून एक म्हातारे बाबा म्हणाले, "मागनं बाकीचं."

सगळी गाडी हसली. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा विचारलं, काय आहे यात. मी सावध होऊन म्हणालो, "थोडी हवा." "थोडी कशी? उरलेल्या जागेत कोण आहे मग?" म्हणून तांब्या आणखी एक दिवस माझ्याकडे राहिला.

सरांच्या समोर 'रिकामं' म्हणायची सोयच नव्हती. कंडक्टर ओरडला की "मागं रिकामं हाय, मागं सरका", तर सर सरकत, पण सरकता सरकता म्हणत, "हवेने भरलेलं आहे, पण ती जागा देईल." काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, लग्नाच्या पहिल्या वर्षातच हार मानली असावी. मी त्यांच्या घरी बसलेलो असताना आतून आवाज यायचा, "अहो, साखरेच्या डब्यात हवा झालीय. पाव किलो आणा." सर निमूट पिशवी घेऊन उठत. काकू माझ्याकडे बघून डोळे मिचकावत.

सिरिंजचा उपयोग दगडाला पाणी पाजण्याचा. सर जिथे जातील तिथे, देवळाच्या पायरीवर, बसस्टँडच्या नव्या फरशीवर, लोकांच्या ओट्यावर, चार थेंब टाकत आणि किती वेळात मुरतात ते मनगटावरच्या घड्याळात बघत. "हा पितो," किंवा "हा उपाशी मरेल पण पिणार नाही," असा निकाल देऊन पुढे जात. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या दाराच्या उंबऱ्याला पाणी पाजलं. मुलीकडच्यांना तो काही विधी वाटला, आणि एका आजीबाईंनी मागून येऊन त्यावर हळदकुंकू वाहिलं.

चहाच्या टपरीवर ते टोस्ट बुडवून खात नसत, बुडवून बघत. "बघ, बुडबुडे. आतला बाहेर पडल्याशिवाय बाहेरचा आत येत नाही. आतल्याला वाट दिली नाहीस तर बाहेरचा दारात ताटकळतो." तोवर टोस्ट गळून कपात पडलेला असे. मग ते चमच्याने खात.

त्यांच्या खिडकीत एक वीट असायची. कोरडी वीट शेंगदाण्याच्या तेलात मुरवून तिचा पाय त्यांनी थाळीतल्या पाण्यात ठेवला होता. विटेला पाणी जास्त आवडतं, ती हळूहळू पाणी ओढून घेते आणि तेलाला बाहेर काढते. विटेच्या माथ्यावर तेलाचे बारीक थेंब यायचे. सर ते रोज सकाळी भिंगातून बघत. "दिवाळीच्या तळणीचं तेल होतं ते," काकू सांगायच्या. "आमच्या चकल्या त्या वर्षी विटेने खाल्ल्या."

पुढे मी ज्या विषयात काम केलं तो सगळा त्या विटेत होता. जमिनीखालचं तेल काही तळ्यासारखं साठलेलं नसतं. ते दगडाच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकांत, पाण्याच्या शेजारी दाटीवाटीने बसलेलं असतं. एका विहिरीतून पाणी ढकलायचं आणि दुसरीतून तेल काढायचं. कोण किती वेगाने पुढे सरकेल, कोण अडकून राहील, हे आधीच सांगता यावं म्हणून संगणकावर दगडाचे हजारो लहान चौकोन पाडून एकेका चौकोनाचा हिशेब करतात. त्याला मॉडेल म्हणतात. त्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. दोन द्रव एका दगडातून कसे जातात ते शिकवायला सरांनी आम्हा आठ जणांना चक्क घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात नेलं, नगरला गाडी बदलून.

बाजाराच्या एका अरुंद फाटकाशी आम्हाला उभं केलं. बैल आत येत होते, शेळ्यांचा एक कळप बाहेर निघाला होता. "एकटे बैल असते तर भराभर गेले असते," सर म्हणाले. "एकट्या शेळ्या असत्या तर त्याही. दोघांना एकच वाट दिली की दोघांचाही वेग जातो. आणि नुसता वाटून जात नाही, वाटणीपेक्षा जास्त जातो." खरंच तसं होत होतं. मग कळपाची रांग तुटली. पुढच्या शेळ्या गेल्या आणि मागे राहिलेल्या पाच-सहा कुंपणाच्या कोपऱ्यात बैलांच्या पायांमागे अडकल्या. जागच्या जागी ओरडत राहिल्या, पण हलेनात. "सोबत्याशी जोड तुटली की असं होतं. ढकलणारा कितीही येऊ दे, या आता निघत नाहीत."

सर अडकलेल्या शेळ्या बोटांवर मोजायला लागले, आणि घोळ झाला. तिथे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबून सांगतात. शेजारच्या व्यापाऱ्याने सरांची बोटं हलताना पाहिली आणि अदबीने टॉवेल पुढे केला. कुठल्याही गोष्टीला नाही म्हणणं सरांना जमत नसे. त्यांनी हात टॉवेलाखाली घातला आणि नजर शेळ्यांवर ठेवून मोजणं चालूच ठेवलं. चार दाबली, मग दोन, मग आणखी एक.

"ठरलं!" व्यापारी गरजला. "मास्तर, बैल तुमचा!" आणि कासरा सरांच्या हातात दिला.

सरांनी बैलाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "हा आत येणाऱ्यांत धरायचा की बाहेर जाणाऱ्यांत?"

सौदा मोडताना आम्हा आठही जणांना त्या व्यापाऱ्याचे पाय धरावे लागले. शेवटी तोच हसायला लागला. "आसलं गिऱ्हाईक जल्मात पायलं न्हाई. बैलाचं दात बघितलं न्हाईत, आन् दुसऱ्याची शेरडं मोजतंय!"

सरांनी अर्ज भरून घेतले, इंग्रजी पक्कं करून घेतलं, आणि मी दूरच्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेत संशोधनाला लागलो. सर फोनवर बोलत नसत. "बोललेलं वरच्यावर वाहून जातं. लिही, म्हणजे मुरेल." म्हणून मी पत्रं लिहायचो. ती लाल शाईने दुरुस्त होऊन परत यायची, माझ्या तब्येतीविषयीच्या वाक्यांसकट. "'बरा आहे' म्हणजे किती?"

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी पुरता बरा नव्हतो. प्रयोगशाळेत माझ्याकडे वीतभर लांबीचा दगडाचा नमुना होता. त्यात तेल भरायचं, एका टोकाने पाणी ढकलायचं आणि दुसऱ्या टोकाला काय बाहेर येतं ते मोजायचं. तेच संगणकावरच्या मॉडेलने आधी सांगायला हवं. ते जुळत नव्हतं. मॉडेलच्या मानाने तेल कमी निघायचं आणि पाणी फार लवकर पलीकडे पोचायचं. माझे मार्गदर्शक सज्जन होते, पण त्यांचीही सहनशक्ती संपली होती. पुढच्या बैठकीत जुळलं नाही तर शिष्यवृत्ती थांबेल आणि जागा सोडावी लागेल, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. इकडे आप्पांनी पोरगा डॉक्टर होणार म्हणून वस्तीभर सांगून ठेवलेलं. लोक त्यांना आत्तापासूनच गुडघ्याचं औषध विचारत होते.

मग मी एक गोष्ट करायला लागलो. दगडातून द्रव किती सहज वाहतो याचा जो आकडा मोजून आलेला होता, तो मॉडेलमध्ये हळूच बदलायचा. थोडा कमी, थोडा जास्त. असं करत करत आलेखावरच्या प्रयोगाची आणि मॉडेलची, अशा दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर आल्या. बैठकीआधी चार दिवस मी गावी आलो, आणि तो आलेख घेऊन सरांकडे गेलो. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं की काय, आता आठवत नाही.

दुपारची वेळ होती. सर ओट्यावर बसले होते. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"आकडा बदललास?"

"थोडासा, सर."

"मोजलेला आकडा?"

मी मान डोलावली. "दगड खोटं बोलत नाही," ते म्हणाले, "म्हणून तू त्याच्या तोंडी घालतोयस होय?" रागावले नव्हते. त्यामुळे जास्त लागलं. आलेखाची घडी करून बाजूला ठेवत त्यांनी विचारलं, "पाणी ढकलायला लागलास की दाब कसा चढतो? ताडकन, की रेंगाळत?"

"आधी रेंगाळतो. पंप चालू असतो, पण काटा थोडा वेळ सुस्त असतो. तेवढा भाग मी आलेखातून काढून टाकतो."

"काढून टाकतोस?"

"सुरुवातीची गडबड म्हणून, सर."

"अरे, तिथे तर तो तुला हाका मारतोय!"

त्यांनी खिशातली सिरिंज काढली, प्यायच्या पाण्यात बुडवून पूर्ण भरली, तोंडावर माझा अंगठा धरायला लावला. "दाब." दट्ट्या तसूभर हलला नाही. मग थोडं पाणी सांडून तेवढी हवा आत घेतली. "आता दाब." दट्ट्या मऊपणे आत गेला आणि सोडल्यावर मागे आला.

"तुझ्या दगडात असंच कोणीतरी मऊ बसलंय. दबतं, जागा अडवून ठेवतं, आणि हिशेबात नाही. तू दोघांचीच नावं लिहिलीस, तेल आणि पाणी. तेल भरायच्या आधी तुझा दगड कसा होता?"

आणि मी, दोन दिवस तांब्या वागवलेला, पोस्टग्रॅज्युएट झालेला मी, म्हणालो, "कोरडा, सर. रिकामा."

सरांनी सिरिंज पुसून परत खिशात ठेवली. मग दारातून काकूंचा आवाज आला.

"तांब्या आणू का?"

मला हसू फुटलं. नमुन्यातली हवा पंपाने ओढून काढायची असते. तो पंप तेव्हा दुरुस्तीला गेला होता, घाई होती, आणि कोरड्या दगडात असणार काय, असं म्हणून मी तशीच तेल भरायला सुरुवात केली होती. नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलंही होतं: नमुना कोरडा व रिकामा. अर्धीअधिक हवा कोपऱ्यांत अडकून राहिली होती, घोडेगावच्या शेळ्यांसारखी. म्हणजे मी समजत होतो तेवढं तेल दगडात मावलंच नव्हतं. पाण्याला वाटही कमी उरली होती, म्हणून ते लवकर पोचत होतं.

"आता काय करशील?" सरांनी विचारलं.

"मार्गदर्शकांना खरं सांगेन. आणि पुन्हा प्रयोग करेन, हवा काढून."

"कर. पण आधीचा प्रयोगही टाकू नकोस. जमिनीखाली काय सगळीकडे हवा काढून ठेवलीय कोणी? तिथेही वायू असतोच. तिसऱ्याला हिशेबात घे."

त्या संध्याकाळी मी तांब्या घेऊन एसटीत चढलो. शिक्षा ती शिक्षा. घरी आप्पांनी मला दारातच पाहिलं. "आता डॉक्टरकीलाबी तांब्याच?"

"व्हय आप्पा. अजून शिकायचंय."

बैठकीत मी बदललेल्या आकड्याची गोष्टही सांगितली. मार्गदर्शकांनी टेबलावरची दिनदर्शिका उलटून पाहिली. मग म्हणाले, "तीन महिने." त्या तीन महिन्यांत मी मॉडेलमध्ये तेल आणि पाण्याच्या जोडीला तिसरी हवाही घातली. दगडाचा मोजलेला आकडा होता तसा ठेवला. रेषा एकमेकींवर आल्या तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या. पुढे प्रबंधच त्या तिसऱ्यावर झाला. शेवटच्या तोंडी परीक्षेत काय घडलं आणि त्यानंतर काय केलं, ते मी सरांना पत्रातच कळवलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती देतो.

तीर्थस्वरूप सर व काकू यांस,
साष्टांग नमस्कार.

प्रबंधाची प्रत सोबत पाठवत आहे. पदवी मिळाली. आप्पांनी वस्तीवर पेढे वाटले आणि गुडघ्याचं औषध विचारणाऱ्यांना आता स्वतःच "दगडाचा डॉक्टर हाय" असं सांगतात.

एक गोष्ट कळवायची आहे, ती चांगली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "अडकलेल्या हवेकडे तुमचं लक्ष कसं गेलं?" समोर मोठमोठी माणसं बसली होती. मी म्हणालो, "वाचनातून." श्रीगोंदा, सिरिंज, तांब्या, यांतलं काही माझ्या तोंडातून निघालं नाही. मला लाज वाटली, सर. तुमची नाही, पण वाटली, हे खरं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

सकाळी परीक्षकांची गाडी निघायच्या आधी मी अतिथीगृहावर गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं, तांब्यापासून. एसटीतल्या बाबांचं बोलणंही सांगितलं. ते इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मग त्यांनी तुमचं नाव विचारलं. मी म्हणालो, सांगायची परवानगी नाही.

नाव वगळल्यास अर्थात फरक पडत नाही, असा तुमचा शेरा होता. मी तो तपासून पाहिला. त्या खोलीत मी तुम्हाला वगळलं होतं. फरक पडला. तेव्हा हा शेरा आपण कृपया दुरुस्त करावा, लाल शाईने.

तरी तुमचा शब्द मोडलेला नाही. प्रबंधात आभाराचं पान आहे, पण त्यावर काही छापलेलं नाही. बाइंडिंगवाल्याने मला दोनदा बोलावून घेतलं. "साहेब, हे पान चुकून राहिलंय, काढून टाकू?" मी पान त्याच्यासमोर धरलं आणि विचारलं, "काय आहे यात?" तो म्हणाला, "काही नाही. रिकामं आहे."

माझ्याजवळ तांब्या नव्हता, म्हणून त्याला सोडून दिलं.

आपला विद्यार्थी,
खांबाआडचा